पॅडलबाईंचं पहिलं लिनक्स

टेबलाखाली, उजव्या पायाच्या जागी, जुन्या रबरी पायपुसण्याचा कापलेला तुकडा आहे. त्यावर एक पॅडल. मधला भाग दाबला की आवाज सुरू होतो, डावा दाबला की दोन सेकंद मागे जातो, उजवा दाबला की पुढे पळतो. गेली एकोणीस वर्षं बाईंचा उजवा पाय दिवसातले सात तास त्या पॅडलवर असतो. त्यामुळे घरात त्यांच्या डाव्या पायात सपाता आणि उजव्या पायात नुसता मोजा. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात त्यांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. तिथे त्या पॅडलबाई.

काम असं. हॉस्पिटलातले डॉक्टर एक्स-रे बघतात आणि दिसेल ते यंत्रात बोलतात. तो आवाज तारेवरून बाईंच्या घरी येतो. बाई ऐकतात, अहवाल टाइप करतात, परत पाठवतात. डॉक्टरांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्या त्यांना आवाजावरून ओळखतात: एक घाईवाले, एक जांभईवाले, आणि एक प्रत्येक वाक्याआधी ‘म्हणजे काय की’ म्हणणारे. घाईवाल्यांना दुपारी जेवायला उशीर झाला की त्यांचे श्वास आखूड होतात, हेही बाईंना माहीत आहे.

टेबल कपाट आणि खिडकी यांच्या मध्ये बसवलेलं आहे. खुर्ची मागे घ्यायची तर कपाटाचं दार आधी लावावं लागतं. तीन जिने उतरून खाली बेकरी. दुपारी तिचा पंखा सुरू झाला की बाई हेडफोनची गादी कानावर घट्ट दाबतात. पलीकडच्या खोलीत नवरा झोपलेला असतो. तो शीतगृहात यंत्रांवर असतो, कायम रात्रपाळीला. दोघांची गाठ पडते ती दुपारी तीन ते रात्री आठ, त्यातही सहा वाजेपर्यंत बाईंच्या कानावर हेडफोन.

एका मिनिटाचं बोलणं टाइप करायला साध्या टंकलेखकाला आठ मिनिटं लागतात. बाईंना चार पुरायची. त्याचं कारण बोटांचा वेग नव्हे. कारण होतं एक यादी.

बाईंनी ती एकोणीस वर्षांत तयार केली होती. एक्स-रेचे अहवाल तेच ते असतात. हृदयाचा आकार सर्वसाधारण आहे, हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा येतं. ते पन्नास वेळा कोण लिहील? बाई ‘ढह’ एवढंच टाइप करायच्या आणि संगणकातला एक छोटा प्रोग्रॅम त्याजागी पूर्ण वाक्य उघडायचा. ‘ढफ’ म्हणजे दोन्ही फुप्फुसं स्वच्छ दिसतात. ‘ढबज’ म्हणजे बरगड्यांना जुनी जखम दिसते, नवी नाही. सगळी लघुरूपं ‘ढ’नेच सुरू व्हायची, कारण अहवालात ‘ढ’ने सुरू होणारा शब्द सहसा येत नाही. अपवाद ‘ढगाळ’. त्यालाही ‘ढढ’ होतं. अशी चार हजार तीनशे लघुरूपं.

“सगळी ढ पोरं एकाच वर्गात भरलीस की गं,” त्यांची नणंद एकदा पडद्याकडे बघून म्हणाली होती.

“असू द्या वन्सं. हीच पोरं घर चालवतात.”

नणंद नवऱ्याची थोरली बहीण. एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. परीक्षानळ्या मोजायच्या, आम्लाच्या बाटल्यांना कुलूप लावायचं, आणि प्रयोगशाळेतले सहा म्हातारे संगणक जिवंत ठेवायचे. ते सहाही लिनक्स या फुकट सिस्टिमवर चालतात. शाळेने कधी बदलून दिले नाहीत, म्हणून तिने स्वतः शिकून घेतलं.

बाईंपर्यंत लिनक्स आलं ते हॉस्पिटलच्या पत्रकातून. ज्या संगणकांच्या सिस्टिमला आता सुरक्षेची सुधारणा मिळत नाही, ते एक तारखेपासून आमच्या यंत्रणेला जोडता येणार नाहीत, असं त्यात होतं. बाईंचा संगणक नऊ वर्षांचा. त्याची सिस्टिम त्यातच मोडत होती. नवी आवृत्ती घालू पाहिली तर पडद्यावर उत्तर आलं की हे यंत्र तिच्यासाठी पात्र नाही. नवा संगणक यंदा शक्य नव्हता. का नव्हता, ते घरात दोघांना माहीत होतं आणि त्यावर बोलून झालं होतं. पत्रकाची चौथी ओळ मात्र अशी होती: लिनक्सची चालू आवृत्ती चालेल.

बाईंनी पर्यवेक्षकाला फोन केला.

“सर, चौथ्या ओळीत लिनक्स लिहिलंय. कुठलं लिनक्स?”

“म्हणजे? लिनक्स म्हणजे लिनक्स ना.”

“पुष्कळ असतात म्हणे.”

“मॅडम, ते आयटीवाल्यांनी लिहिलंय. मला विचाराल तर मला हे पत्रकसुद्धा नीट उघडता आलं नाही. तुम्ही एक तारखेला जोडलेल्या दिसलात की झालं. आणि नव्वद मिनिटं.”

नव्वद मिनिटं हा रोजचा कोटा. सकाळी आठला फाइली सुरू होतात, संध्याकाळी सहाला रांग बंद. तेवढ्यात नव्वद मिनिटांचं बोलणं कागदावर आलं पाहिजे. सलग तीन दिवस कमी पडलं की माणूस दुसऱ्या रांगेत जातो. दुसऱ्या रांगेत बोलणं यंत्र लिहून काढतं आणि माणसाने फक्त चुका दुरुस्त करायच्या. कोणाचं बोलणं कोणाच्या अहवालात गेलं, डावा पाय उजवा कधी झाला, हे शोधत बसायचं. पॅडल लागतच नाही. गेल्या वर्षभरात तिघीजणी तिकडे गेल्या. तिघींनीही दोन-दोन महिन्यांत काम सोडलं. बाईंना पहिल्या रांगेतच राहायचं होतं. चौपन्नाव्या वर्षी यंत्राच्या चुका पुसायला बसायची त्यांची तयारी नव्हती, आणि दुसरं काम शोधायचं त्राणही नव्हतं.

तीन आठवडे त्यांनी निवडण्यात घालवले. संध्याकाळी सहानंतर, हेडफोन काढून, डोळे चोळत त्या वाचत बसायच्या. जिथे बघावं तिथे नवशिक्यांसाठी सर्वांत सोपं काय याची यादी, आणि प्रत्येक यादीत पहिला क्रमांक वेगळ्याचा. उबंटू घ्या. उबंटू नको, फेडोरा घ्या. मुळात डेबियनच घ्या, बाकीच्या गोष्टी त्यातूनच आल्या आहेत. कुठे दोन अनोळखी माणसं सहा वर्षांपूर्वी सुरू केलेलं भांडण अजून भांडत होती. बाईंनी वहीत रकाने आखले: नाव, जुन्या यंत्रावर चालेल का, कीबोर्ड मिळेल का, पॅडल ओळखेल का. आठवड्याने रकाने भरले आणि त्यातून काही ठरेना.

शेवटी त्यांनी आपल्या धंद्याची रीत लावली. मजकूर सोडला आणि आवाज ऐकला. म्हणजे प्रश्नोत्तरांची पानं उघडून, अगदी बावळट प्रश्न विचारणाऱ्याशी लोक कसं बोलतात, तेवढंच वाचलं. मिंट नावाच्या लिनक्सच्या पानावर एका निवृत्त गृहस्थाने एकच प्रश्न तीनदा विचारला होता आणि तिन्ही वेळा कोणीतरी त्याला पहिल्यापासून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा जरा दमलेल्या सुरात, पण सांगितलं होतं. बाईंनी वहीत मिंटवर खूण केली. त्यातलं जुन्या यंत्रांसाठीचं हलकं रूप घ्यायचं ठरलं.

“आमच्या शाळेत डेबियन आहे. एकदा बसवलं की हलत नाही,” नणंद फोनवर म्हणाली.

“तुमच्या शाळेत तुम्ही आहात, वन्सं. इथे मी एकटीच.”

“बरं, मिंट तर मिंट. खायचंय थोडंच. ऐक, पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघ. काही बसवायचं नाही. आवाज येतो का, पॅडल चालतं का, बघ.”

बाईंनी बघितलं. आवाज आला. हॉस्पिटलचं पान उघडलं. पॅडलचा मधला भाग चालला, डावा चालला नाही. नणंदेने फोनवरून एका खिडकीत दोन आकडे बदलायला लावले आणि डावाही चालायला लागला. लघुरूपं मात्र उघडेनात. ‘ढह’ टाइप केलं की ‘ढह’च राहायचं.

“ते राहणारच. तुझा तो प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमचा. इकडे दुसरा आहे तसलाच, त्यात यादी भरावी लागेल. तू असं कर, जुनं आहे तसं राहू दे. नवं त्याच्या शेजारी बसवायचं. चालू करताना विचारतं, हे हवं का ते. मग जुन्यातून तुझी यादी बाहेर काढू आणि नव्यात घालू. रविवारी मी चारला येते. तोवर हात लावू नकोस.”

“यादीची फाइल कुठे असते?”

“तेही रविवारी बघू. कुठेतरी पोटात असेल.”

एक तारीख सोमवारी होती. बाईंनी त्याआधी घरातले फोटो, नवऱ्याची आणि स्वतःची कागदपत्रं, विम्याच्या पावत्या असं सगळं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. यादी तेवढी राहिली, कारण तिची फाइल कुठली ते ठाऊक नव्हतं आणि ते रविवारी बघायचं ठरलं होतं.

रविवारी सकाळी नवरा साडेसातला आला आणि झोपला. बाईंनी कपडे वाळत घातले, ओटा पुसला, खुर्चीवर येऊन बसल्या. अकरा वाजले होते. चार वाजायला पाच तास. सोपा भाग आपण उरकून ठेवला तर वन्संना फक्त यादीचं बघावं लागेल, संध्याकाळी जरा आडवं होता येईल, असा त्यांचा हिशेब. महिनाभर त्या नीट झोपल्या नव्हत्या. त्यांनी संगणक रोजच्या सवयीने झाकण लावून झोपवला होता. पेन ड्राइव्ह लावला, झाकण उघडून यंत्र चालू केलं, ते पेन ड्राइव्हवरून सुरू व्हावं म्हणून वेळेवर बारा नंबरचं बटण दाबलं. हिरवट चिन्ह आलं. त्यांनी ‘बसवा’वर दोनदा टिचकी मारली.

पहिला प्रश्न भाषेचा. दुसरा कीबोर्डचा. तो बाईंना बरोबर कळला. त्यांनी एकेक मांडणी निवडून खालच्या रिकाम्या चौकटीत सगळी अक्षरं टाइप करून पाहिली, जोडाक्षरं पाहिली, ‘ढ’ त्याच जागी आहे ना ते तीनदा पाहिलं. त्यात वीस मिनिटं गेली.

मग पान आलं ते डिस्कचं. नणंदेने सांगितल्याप्रमाणे ‘शेजारी’ असं काही तिथे असायला हवं होतं. नव्हतं. दोनच पर्याय होते: डिस्क पुसून बसवा, आणि दुसरं काहीतरी. पहिल्यावर आधीच ठिपका होता. बाईंनी पान वरून खाली वाचलं. पुन्हा वाचलं. कळलं नाही.

टंकलेखकाला शिकवलेली पहिली गोष्ट अशी: शब्द कळला नाही तर अडून बसायचं नाही. रेघ मारायची, वेळ लिहायची, पुढे जायचं. डॉक्टर अहवाल वाचतात तेव्हा रेघेच्या जागी शब्द भरतात. अंदाजाने लिहिणं हा गुन्हा, रिकामी जागा सोडणं हा नियम. एकोणीस वर्षांत बाईंनी अंदाजाने एक शब्द लिहिलेला नाही. त्यांनी पेन घेतलं, वहीत एक रेघ मारली, पुढे लिहिलं ‘डिस्क, ११.४०’, आणि आहे तसं सोडून पुढचं बटण दाबलं.

छोटी चौकट आली. आता होणारे बदल मागे घेता येणार नाहीत, असं तीत होतं. अशी चौकट बाई दिवसातून शंभरेक वेळा बघतात. हॉस्पिटलच्या पानावर प्रत्येक अहवाल पाठवताना ती येते: पाठवल्यावर बदल करता येणार नाही. आणि दिवसातून दोनदा तरी कोणीतरी डॉक्टर फोन करतात, तो उजवा गुडघा डावा करा हो, आणि तो होतो. सही होईपर्यंत काहीही पक्कं नसतं. बाई सहीची वाट बघत होत्या. शेवटी एक पान येईल, त्यावर सगळं दिसेल, रेघ कुठे राहिली ते विचारलं जाईल. त्यांनी ‘पुढे’ दाबलं.

शहर विचारलं, नाव विचारलं, पासवर्ड विचारला. मग एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. शेवटचं पान आलं: काम झालं आहे, यंत्र पुन्हा सुरू करा. सहीची जागा कुठेच नव्हती.

यंत्र पुन्हा सुरू झालं. हे हवं का ते, असं काही विचारलं नाही. सरळ मिंट उघडलं, नीटनेटकं, रिकामं.

नणंद चारला आली. जिन्यात थांबून थांबून वर आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि खुर्चीवर बसली. तिने दोन-चार खिडक्या उघडून बघितल्या.

“वहिनी, जुनं कुठाय?”

“तेच विचारणार होते.”

“तू काय निवडलंस?”

बाईंनी वही पुढे केली. नणंदेने चष्मा लावून वाचलं. “हे काय? रेघ?”

“तिथे कळलं नाही.”

“मग?”

“मग पुढे गेले. नंतर भरायचं असतं.”

“कोण भरणार होतं नंतर?”

बाईंनी वही परत घेतली आणि मिटली.

“मशीन पूर्ण बंद केलं होतंस की झोपवलं होतंस?”

“झोपवलं होतं. रोज तेच करते.”

“म्हणून शेजारी आलं नाही. अर्धवट झोपलेलं जुनं घर असलं की ते त्याला हात लावत नाही.” नणंदेने कपाळाला हात लावला. “मी सांगायला हवं होतं. माझीच चूक.”

“तुम्ही हात लावू नकोस म्हणाला होतात.”

“म्हणाले होते. आणि तू कधी माझं ऐकलंयस? लग्नापासून एकदा तरी?”

सहापर्यंत तिने पुसलेलं परत काढायचे दोन-तीन प्रोग्रॅम चालवून बघितले. कोणाच्या तरी लग्नाचे अर्धे फोटो सापडले, तेही पेन ड्राइव्हवर आधीच होते. यादी सापडली नाही. नवरा उठून दारात उभा होता.

“काय गेलं?”

“यादी,” बाई म्हणाल्या.

“मग आठव आणि लिही परत. तुझीच तर आहे.”

“तूही तुझी शीतपेटी सोडून ये आणि तिच्यातले सगळे स्क्रू सांग बघू आठवून,” त्याची बहीण म्हणाली. “जा, चहा टाक.”

तरी तेच करून बघितलं. चहा झाल्यावर नणंद वही घेऊन बसली. तू बोल, मी लिहिते. बाई डोळे मिटून बसल्या. ‘ढह’, ‘ढफ’, ‘ढबज’, ‘ढढ’. मणक्याचे काही. गुडघ्याचे काही. एक्केचाळीस झाल्यावर अडलं. तासाभरात एकसष्ट झाली. चार हजार तीनशेंपैकी एकसष्ट. नणंदेने ती नव्या प्रोग्रॅममध्ये भरून दिली, नवीन कशी भरायची ते दाखवलं आणि शेवटची बस पकडायला निघाली. जिन्यातून तिने वर हाक मारली, “उद्या मशीन बंद करताना बंद कर!”

सोमवारी आठ वाजता घाईवाल्या डॉक्टरांची पहिली फाइल आली, एकापाठोपाठ दहा-बारा एक्स-रेंची. नऊ मिनिटांची. बाईंनी मोजा वर ओढला, पॅडल दाबलं. पहिली दोन वाक्यं उघडली, ती एकसष्टांतली होती. तिसऱ्याला पडद्यावर ‘ढखस’ उमटलं आणि तसंच राहिलं. बाई थांबल्या. काल तासभर डोकं खाजवूनही हे आठवलं नव्हतं. ‘ढखस’ म्हणजे खांद्याचा सांधा जागेवर आहे. बोटांनी ते न विचारताच लिहिलं होतं.

त्यांनी पाय परत ठेवला. या वेळी थांबायचं नाही, पडद्याकडे बघायचंच नाही, असं ठरवून फाइल शेवटपर्यंत टाइप केली. मग वर बघितलं. ओळीच्या ओळी नुसत्या ढ, ढ, ढ. वाचणाऱ्याला वाटावं, कीबोर्डवरून मांजर गेलं. नऊ मिनिटांत एकशे चौदा लघुरूपं, त्यातली सव्वीस उघडलेली, बाकीची मुकी. पण ती होती, आणि त्यांचा अर्थ सांगायला डॉक्टर कानात होतेच. बाईंनी पॅडलचा डावा भाग दाबून पहिल्यापासून ऐकलं, एकेक मुकं लघुरूप घेतलं, डॉक्टर काय म्हणतात ते त्यापुढे पूर्ण लिहिलं आणि नव्या यादीत भरलं. त्या फाइलीला एरवीच्या चौपट वेळ लागला.

आठवून काढायला बसलं की यादी येत नव्हती. पाय पॅडलवर ठेवला आणि आवाज सुरू झाला की येत होती. यामागे काय आहे याचा विचार करायला बाईंना वेळ नव्हता. संध्याकाळी सहाला रांग बंद झाली तेव्हा सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

मंगळवारी अडुसष्ट. जांभईवाल्या डॉक्टरांच्या फाइली आल्या, त्यांची लघुरूपं वेगळी, पोटाची, आतड्यांची. उजव्या पोटरीत गोळा आला. नवऱ्याने दुपारी उठून न विचारता बर्फाची पिशवी आणून पायाला लावली. शीतगृहातला माणूस, बर्फाचं त्याला कळतं. कानावरून हेडफोन न काढताच बाईंनी मान हलवली.

चार वाजता पर्यवेक्षकाचा फोन आला.

“मॅडम, काल सत्तेचाळीस दिसतायत.”

“हो.”

“आज पण कमीच दिसतंय. मी काही म्हणत नाही. पण तिसऱ्या दिवशी यंत्रणा आपोआप हलवते. मला विचारत नाही. एकदा हलवलं की परत आणायची सोय नाही.”

“माहीत आहे, सर.”

“तब्येत वगैरे बरी आहे ना?”

“तब्येतीला काय झालंय. लिनक्स घातलं.”

“अरे देवा,” पर्यवेक्षक म्हणाले. त्यांना त्यातलं काहीही कळलेलं नव्हतं.

बुधवारी बाई पावणेआठलाच बसल्या. नव्या यादीत तोवर सहाशे सत्तर लघुरूपं होती. आता चारातली तीन वाक्यं आपोआप उघडत होती. जेवायला त्या उठल्या नाहीत. टेबलावरच पाव आणि केळं. दुपारी खाली पंखा सुरू झाला. बारा वाजता एकोणचाळीस मिनिटं, तीन वाजता सहासष्ट. साडेचारला एकोणऐंशी. रांगेत पुढची फाइल बारा मिनिटांची आणि आवाज ‘म्हणजे काय की’ डॉक्टरांचा.

हे डॉक्टर संथ. एरवी बाईंना त्यांचा कंटाळा यायचा, कारण पाय दाबून ठेवून वाट बघावी लागते. त्या दिवशी त्या संथपणाचा उपयोग झाला. ते म्हणजे काय की म्हणेपर्यंत मागचं लघुरूप भरून व्हायचं. पाच वाजून त्रेचाळीस मिनिटांनी बाईंनी तिच्यातला शेवटचा अहवाल पाठवायला घेतला. चौकट आली: पाठवल्यावर बदल करता येणार नाही. त्यांनी अहवाल वरून खाली एकदा वाचला, आणि मग दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा एक्याण्णव झाला.

नवरा चहा पीत बसला होता. “झालं?”

“झालं.”

“मग बंद कर ते आणि पडून राहा.”

बाईंनी यंत्र बंद केलं. झाकण लावून नव्हे, पूर्ण बंद.

त्याला आता पाच महिने झाले. बाई पहिल्या रांगेत आहेत. रोजचा कोटा साडेचार वाजेपर्यंत होतो, पूर्वी साडेतीनला व्हायचा. मिंट कुरकुर करत नाही; एकदा आवाज गेला होता, तो त्यांनी पानावर प्रश्न विचारून परत आणला. कोणीतरी पहिल्यापासून सांगितलं. नव्या यादीत बाराशे चाळीस लघुरूपं झाली आहेत आणि गेल्या महिन्यात फक्त नऊ नवी भरावी लागली. उरलेली तीन हजार कसली होती, ते बाईंना सांगता येत नाही. काही बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांची असतील, काही हॉस्पिटलने मोडीत काढलेल्या यंत्रांची. एक तेवढं त्यांना माहीत आहे. मध्यंतरी एक नवे डॉक्टर अहवालाच्या शेवटी खोकले आणि बाईंच्या बोटांनी ‘ढतु’ लिहिलं. तुलनेसाठी जुने एक्स-रे पाहावेत. नव्या डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. म्हणायचे ते चार वर्षांपूर्वी वारलेले दुसरे डॉक्टर, आणि ते नेमके तिथे, खोकून झाल्यावर. बाईंनी ‘ढतु’ पुसलं. यादीत ते भरलेलं नाही.

यादीची फाइल कुठे असते ते आता त्यांना माहीत आहे. दर शुक्रवारी त्या ती पेन ड्राइव्हवर उतरवतात आणि पेन ड्राइव्ह घराच्या किल्ल्यांच्या खिळ्याला टांगतात. रकाने आखलेली वही टेबलाच्या खणात आहे. ‘डिस्क, ११.४०’च्या आधीची रेघ बरेच दिवस रिकामी होती. मागच्या रविवारी नणंद आली असताना तिने खणातून पेन शोधताना ती वही काढली, पान उलटलं आणि रेघेवर पेन्सिलीने लिहिलं: ‘इथे वन्संना फोन करायचा होता.’

बाईंनी वाचलं. “अक्षर काय घाण आहे तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि वही परत खणात टाकली.